मेजूची मुदत

आश्रयगृहामागची खोली,
३ नोव्हेंबर

ती. फानसोकदादास,
सा. न. वि. वि. (साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत, कागदावरचाच गोड मानून घे.)

तुझ्या कानांपायी या वयात पत्रं लिहायची वेळ आलीय, पण त्यात माझा फायदाच आहे. फोनवर तू नुसता 'काय? काय?' करतोस आणि कामाचं तेवढं नेमकं तुला ऐकू येत नाही. पत्रात ती पळवाट नाही.

किमची घालून झाली. यंदा कोबीचे चाळीस गड्डे तिखटमिठात मुरवले. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हाताला दोनशे जणांचंच माप बसलंय. तुझा डबा बोटीने पाठवलाय.

आता मुद्द्याचं. इथल्या तालुक्याच्या कुत्र्यांच्या आश्रयगृहात मी पिंजरे धुते, हे तुला माहीत आहे. पंचवीस कुत्र्यांच्या जागेत सध्या एक्केचाळीस आहेत. त्यात एक कुत्री आहे, अडीचेक वर्षांची, मळकट पिवळी. तोंड असं ओबडधोबड, की आई आढ्याला टांगायची त्या मेजूची, सोयाबीनच्या ढेपांचीच आठवण यावी. म्हणून मी तिला मेजू म्हणते. कोणीतरी तिला बसथांब्याला बांधून गेलं होतं. आली तेव्हा शहाण्यासारखी बसायची. सहा आठवडे त्या गोंगाटात राहून आता दिवसभर पिंजऱ्यात उजवीकडे गोल गोल फिरते. पंजे सोलवटलेत. फिरायची थांबली की भुंकते, आणि असं भुंकते की कारकूनबाई कानात कापूस घालून बसतात. मी पाठ केली तरच अन्नाला तोंड लावते.

मालकासाठी लावलेल्या नोटिशीची मुदत संपली. चौदा तारखेला, शुक्रवारी, डॉक्टर तिला कायमचं झोपवायचं इंजेक्शन देणार.

घर शोधून दमले. आपल्या मावसभावाची सून राजधानीत, सोलमध्ये, अठराव्या मजल्यावर राहते. तिने फोटो पाहून विचारलं, की सोफ्याच्या रंगाला शोभेल असं दुसरं काही आहे का. चर्चचे माएंगसाहेब घ्यायला तयार होते, पण फळबागेत, दीड मीटरच्या साखळीवर, बारा महिने. मी त्यांना म्हटलं, की आधी तुम्ही एक रविवार त्या साखळीवर प्रार्थना करून बघा. आता ते माझ्याशी बोलत नाहीत. तेवढंच बरं झालं.

तुझ्याकडे अंगण आहे, कुंपण आहे, घरात दुसरं कोणी नाही. आणि तिचं भुंकणं सहन करू शकेल असा ठार बहिरा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

लोभ आहेच, तो जरा कामाला लाव.
तुझी धाकटी,
सुनिम


बेटावरून,
६ नोव्हेंबर

चि. सुनिम हिस,
अ. आ. (अर्धेच. उरलेले तू हे प्रकरण थांबवल्यावर.)

किमची पोचली. मीठ जास्त आहे. अर्धी संपली.

गेल्या वर्षी तू मला सुक्या मासळीच्या दुकानातली विधवा सुचवलीस, यंदा वेडी कुत्री. पुढच्या वर्षी काय पाठवणार ते आधीच कळव, म्हणजे घर झाडून ठेवतो. तुझी वहिनी गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून इथे मला कोणी काही विचारत नाही, दार उघडं टाकलं म्हणून कोणी रागावत नाही. लसूण लावतो, ओहोटीला कालवं काढतो, दोनदा जेवतो. या दिवसात कुत्री कुठे बसवू?

शिवाय मी एकाहत्तरचा, ती अडीचची. वजाबाकी तुला शाळेतही जमली नव्हती, म्हणून करून दाखवतो. मी मेल्यावर ती आणखी दहा वर्षं जगेल आणि पुन्हा कुठल्यातरी बसथांब्याला बांधलेली सापडेल. एकदा टाकलेल्याला दुसऱ्यांदा टाकण्यापेक्षा न घेतलेलं बरं.

ती मासे खाते का? इथे दोन-तीन मांजरं येतात, त्यांच्या दृष्टीने विचारतोय.

लोभ माफक असावा.
फानसोक


आश्रयगृहामागची खोली,
९ नोव्हेंबर

ती. दादास,
नमस्कार. (वि. वि. विशेष काही नाही, विनंती तीच.)

खाते. पण मांजरांना नको विचारूस, ती तुझ्यापेक्षा मोठ्या मनाची असतील.

मध्ये एक घडलं. शहरातून एक बाई आल्या, कुत्र्यांचे व्हिडिओ करणाऱ्या. पिंजऱ्यासमोर बसून कॅमेऱ्यात पाहत इतक्या रडल्या, की मीच त्यांना रुमाल दिला. मेजूला घेऊन गेल्या. दोन दिवसांनी परत. म्हणाल्या, की ही हसत नाही, बघणाऱ्यांना वाईट वाटतं. परत करतानाही चित्रीकरण चालूच होतं आणि पुन्हा तेवढंच रडणं. यावेळी रुमाल दिला नाही.

परत आल्यापासून मेजू फिरत नाही. भुंकतही नाही. भिंतीकडे तोंड करून उभी असते. दादा, फिरत होती तेव्हा निदान तिला काहीतरी हवं होतं.

शुक्रवारी तिघांची पाळी आहे. आदल्या दिवशी मी कोंबडी उकडते, प्रत्येकाला हाताने भरवते आणि डॉक्टर येतात तेव्हा धरून ठेवते. दुसरं कोणी धरायला तयार नसतं. डॉक्टर माणूस चांगला आहे. त्या दिवशी ते जेवत नाहीत.

तुझी वजाबाकी बरोबर आहे. फक्त तिचं पुढचं दहा वर्षांचं गणित तू मांडलंस, आणि मी पाच दिवसांचं मांडतेय.

उत्तर लिहू नकोस, यायला कधी कधी चार दिवसही लागतात. लोभ असेल तर दिसू दे.
सुनिम


बेटावरून,
११ नोव्हेंबर

चि. सुनिम हिस,
अ. आ.

नाही म्हणजे नाही. लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो आहे, म्हणजे गैरसमज राहायला नको. मला कुत्रं नको, बाई नको, पोपट नको, कासव नको. तू ते धरून ठेवण्याचं काम सोड. चौसष्ट वर्षांच्या बाईचं ते काम नाही. कोंबडीच्या ओळीवर तू तीनदा खाडाखोड केलीस, ती मला इथून दिसते.

फानसोक


आश्रयगृहामागची खोली,
१५ नोव्हेंबर

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. (आज खरोखरचा. गुडघे गेले तरी बेहत्तर.)

तुझं 'नाही म्हणजे नाही' आज पोचलं. तू स्वतः काल पोचलास. आता मी दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवू?

काल तिथे काय बोलणं झालं ते तुला ऐकू आलं नसणार, म्हणून सांगते. कारकूनबाईंना वाटलं, शेजारच्या शेतकी कचेरीत जायचे आजोबा चुकून इथे शिरले. त्यांनी तुला खताचा फॉर्म दिला, तो तू भरलाही असतास. मग तू म्हणालास, की मी काही न्यायला आलेलो नाही, नुसतं बघायला आलोय. दादा, तुझा आवाज किती मोठा होतो हे तुला माहीत नाही. एक्केचाळीस कुत्री एकदम गप्प झाली. मी तिथे आल्यापासून तसं पहिल्यांदाच झालं. मग सगळी मिळून अशी सुटली, की डॉक्टरांनीही कान झाकले.

तू मात्र तिच्या पिंजऱ्यासमोर उकिडवा बसलास, भाजीबाजारात बसल्यासारखा. काही केलं नाहीस. हाकसुद्धा मारली नाहीस. पंधरा मिनिटं झाली असतील. मग तिने भिंत सोडली, वळली. डॉक्टर हळूच म्हणाले, की या गोंगाटात न दचकता बसलेला पहिला माणूस पाहिला. त्यावर कारकूनबाई म्हणाल्या, की दचकायला आधी ऐकू यावं लागतं. सगळे हसले. तू त्यांना मान लववून नमस्कार केलास, म्हणून आणखी हसले.

फॉर्मवर तू 'तात्पुरता सांभाळ, महिनाअखेरपर्यंत' असं लिहिलंस आणि 'तात्पुरता' खाली दोन रेघा मारल्यास. कागद फाटला तिथे.

बोटीवर चढताना तू बाकी दोघांचं विचारलंस आणि मी नुसती मान हलवली. एक लंगडा होता, एक नुसताच म्हातारा. दोघांनी कोंबडी खाल्ली. दोघांना मी धरलं. तिसऱ्यांदा धरावं लागलं नाही. आभार मानत नाही, नाहीतर फुगशील.

लोभ वाढतोय, कळावे.
सुनिम


बेटावरून,
२२ नोव्हेंबर

चि. सुनिम हिस,
अ. आ. (पूर्ण. उगीच उड्या मारू नकोस.)

तू मला कुत्री दिली नाहीस, ओसरीखालचा अंधार दिलास. आल्या आल्या ती ओसरीच्या फळ्यांखाली शिरली ती पाच दिवस बाहेर नाही. मी मासा आणि भात ठेवून पाठ फिरवायची, ती खायची, मी भांडं उचलायचं. सून आल्यावर सासरे असं जगतात म्हणे.

सहाव्या दिवशी म्हटलं, जिवंत तरी आहे का बघावं. अंगणात पोटावर आडवा झालो आणि कंबर धरली. उठता येईना. हाक मारली, पण बोटीची वेळ, सगळे धक्क्यावर. थंड जमिनीवर गाल टेकून पडून राहिलो आणि पुढचं पत्र तुला कोण लिहिणार याचा विचार करू लागलो.

तेवढ्यात ती बाहेर आली. माझ्या कानात नाक घातलं, त्या निकामी कानात. मग माझ्या डोक्याशी उभी राहून तोंड उघडझाप करायला लागली. मला वाटलं जांभया देतेय. शेजारची ओक्बुन पाच मिनिटांत धावत आली. तिने नंतर पाटीवर लिहून दाखवलं, की धक्क्यापर्यंत ऐकू येत होतं आणि बोटीच्या कप्तानाने भोंगा बिघडला समजून इंजिन बंद केलं.

कंबरेला पट्टी बांधलीय. ती आता ओसरीच्या वर झोपते. माझ्या चपलेवर. दुसरी चप्पल खाल्ली.

महिनाअखेर लक्षात आहे.
लोभ चपलेइतका उरलाय.
फानसोक


आश्रयगृहामागची खोली,
२६ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारकूनबाईंनी मोठ्याने वाचलं. डॉक्टर दोनदा वाचायला लावून हसले.

आता जे लिहिते ते थट्टेत नाही. कॅनडातल्या एका कुटुंबाने फोटो पाहून मेजूला पसंत केलंय. नवरा-बायको पस्तिशीचे, मोठं घर, मागे रान. इथे आपल्या पिवळ्या कुत्र्यांना कोणी फुकट घेत नाही, तिकडे म्हणे अशांना लोक थांबवून विचारतात, की ही कुठली दुर्मीळ जात. विमानात बरोबर नेणारा प्रवासीही मिळाला. तू तिला तीस तारखेच्या बोटीने आणायचंस.

तूच म्हणाला होतास, की मी मेल्यावर तिचं काय. त्या बिचाऱ्यांना मरायला अजून खूप वेळ आहे. आणि तू 'तात्पुरता' खाली दोन रेघा मारल्या आहेस. मला तुझ्याकडून काही काढून घ्यायचं नाही. पण मागच्या आठवड्यात चार नवीन आलेत, त्यांतल्या कोणाला तुझ्या अंगणाची गरज लागेल, आणि कुत्र्यांसाठी घर निवडताना मी माझ्या भावाला वेगळा नियम लावू शकत नाही. तू म्हणशील ते कळव. काही म्हणायचं नसेल, तर तिला घेऊन बोटीवर ये.

लोभ काहीही झालं तरी आहे.
सुनिम


बेटावरून,
१ डिसेंबर

चि. सुनिम हिस,
अ. आ.

काल तू धक्क्यावर वाट पाहिलीस आणि बोटीतून कांद्यांच्या पिशव्यांशिवाय काही उतरलं नाही. शिव्या घातल्या असशील. घाल, मला काय कळतंय.

मी निघालो होतो. तिला आंघोळ घातली, बोटीत शिरलो, जागा धरली. तोवर ती ठीक होती. मग इंजिन सुरू झालं आणि तिने डेकवर गोल फिरायला सुरुवात केली, उजवीकडे. तू लिहिलं होतंस, पण मी ते कधी पाहिलं नव्हतं. इतके दिवस एकदाही नाही, तिला आणताना बोटीतही नाही. लोक बाजूला सरकले, एका बाईने मुलीला उचलून घेतलं. मी खाली बसून तिच्या बरगड्यांवर हात ठेवला. सुनिम, ती भुंकत होती. हाताला कळत होतं. दोन वर्षांत मला कोणाचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला नव्हता.

आम्ही उतरलो. कप्तान काहीतरी ओरडला, ऐकू न येण्याचा मला पूर्ण हक्क आहे. फाटकाशी येईपर्यंत बरगड्या शांत झाल्या होत्या.

वजाबाकीचं म्हणशील तर मी ओक्बुनला विचारलं, की माझ्यामागे हिला घेशील का. तिने पाटीवर लिहिलं, की आत्ताच दे ना, मागे कशाला. मी दिली नाही. तेव्हा तो प्रश्न मिटला.

त्या कॅनडावाल्यांना वाईट वाटेल, ते माझ्या नावावर घे. मेजूच्या डाव्या हाताच्या पिंजऱ्यात एक काळा होता, थोराड, एका कानाचा. मी पंधरा मिनिटं बसलो त्यातली पाच तरी तो माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याला आणलं नाही. त्याचा फोटो पाठव. चांगला काढ, उजेडात. त्यांनी त्याला नेलं तर मला कळव. नाही नेलं, तर तारीख यायच्या आत कळव.

आणि तू एकदा इथे ये. कोंबडी उकडायला नाही, खायला.

ओक्बुन कुंपणावरून दोन्ही कानांवर हात ठेवून दाखवतेय, म्हणजे मेजू पुन्हा भुंकायला लागलेली दिसते. काय म्हणतेय ते हात लावल्याशिवाय कळायचं नाही. उठतो.

लोभ आहे. लिहायचा राहून जायचा, म्हणून यावेळी लिहिला.
तुझा दादा