गोधडी दोन दिवसांत

३ नोव्हेंबर
आज एका ॲपवर ऑनलाइन दुकान उघडलं. तुम्ही जुनी साडी पाठवा, आम्ही तिची गोधडी करून पाठवू. शिवणार सुगंधा, बाकी सगळं मी. हातानं शिवायची तर एका गोधडीला दहा दिवस लागतात, असं तिचं म्हणणं. मी टाकलं, 'साडी मिळाल्यापासून दोन दिवसांत घरपोच'. बायकोचा हात चांगला आहे, पण बिझनेस माइंड नाही.

८ नोव्हेंबर
पार्सलं येतायत. सोफा साड्यांखाली गेला. केबिन रोडच्या बाजारातून दोऱ्याची रिळं आणली. सुगंधा सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. एकाग्रता!

१० नोव्हेंबर
कस्टमर फार उतावळे. 'कुठपर्यंत आलं?' एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा सगळ्यांना 'आउट फॉर डिलिव्हरी' करून टाकलं. खोटं नाही. सुगंधा गॅलरीत बसून शिवते, म्हणजे टेक्निकली माल घराबाहेरच.

११ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. दोनाचे दहा दिवस करू. ॲप म्हणतं, हातातल्या ऑर्डरी संपल्याशिवाय मुदत बदलता येणार नाही. कॅन्सल? साडी घेतलीय, आता होत नाही. दुकानच बंद? तेही नाही. नव्या ऑर्डरी मात्र येतायत. डिमांड आहे, हे महत्त्वाचं.

१२ नोव्हेंबर
बेल वाजली. हंसाबेन, शेजारच्या बिल्डिंगमधल्या. त्यांची आई वारली, तिच्या बांधणीच्या साडीची गोधडी नातीसाठी हवीय. मुलगी बाळाला घेऊन रविवारी सुरतला परत चाललीय. ऑर्डर यांची आहे हे मी पाहिलं नव्हतं. त्यांनी मात्र ॲपवरचा माझा पत्ता नीट वाचलेला. म्हटलं, गोधडी रस्त्यात आहे. म्हणाल्या, "भाई, कौनसा रस्ता? बीच में तो खाली पार्किंग है."
मग त्यांना सोफ्यावर आईची साडी दिसली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ती मांडीवर घेतली आणि बसल्याच. संध्याकाळपर्यंत.

१३ नोव्हेंबर
हंसाबेन सकाळीच हजर. डब्यात थेपले. सुगंधाला दिले, मला नाही. त्या हॉलमध्ये, सुगंधा गॅलरीत, मी बाथरूममध्ये. कस्टमरचे फोन इथूनच घेतोय.
निर्णय: बांधणी मी स्वतः शिवणार. धावदोरा म्हणजे काय, सुई वर-खाली, वर-खाली.
दुपारी हंसाबेन जेवायला घरी गेल्या तेव्हा सुरुवात केली. बेल वाजली म्हणून उठलो, तर गोधडीही उठली. लेंग्यासकट शिवली होती. तसाच दार उघडायला गेलो. हंसाबेननी सुगंधाला हाक मारली. तिनं मला कात्रीनं सोडवलं आणि माझे सगळे टाके उसवले.

१६ नोव्हेंबर, रविवार
बाकीचं सगळं बाजूला ठेवून सुगंधा तीच गोधडी शिवत होती. निम्मी झाली. गाडी काही थांबत नाही.
हंसाबेन मुलीला पोचवून स्टेशनवरून थेट आमच्याकडे. मला वाटलं ओरडतील. उत्तर तयार ठेवलं होतं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "दस दिन बोला होता, तो मैं बेटी को बोलती ही नहीं." मग पदरानं डोळे पुसले.
उत्तर वापरता आलं नाही.

१७ नोव्हेंबर
सुगंधानं माझ्या हातातून फोन काढून घेतला. सगळ्यांना लिहिलं, 'गोधडी हातानं शिवतेय. एकेक करून होईल, महिना-दीड महिना धरा. थांबायचं नसेल तर साडी परत पाठवते.' म्हटलं, संपलं, आता सगळे जाणार. दोघांनी साडी परत मागितली. बाकीच्यांचं उत्तर, चालेल. एकीनं लिहिलं, आधी सांगायचं ना ताई. ताई! फोटो माझा आहे तिथे.

हंसाबेन गॅलरीत सुगंधाशेजारी बसून आईच्या साडीची उरलेली बाजू शिवतायत. झाली की स्वतः सुरतला घेऊन जाणार. दोघी बोलून हसतात. मी गेलो की गप्प.

माझ्याकडे सुया ओवायचं खातं आलंय. सुगंधानं विचारलं, किती वेळ लागेल? म्हटलं, लगेच देतो.

जेवणं झाली. चहा झाला. पहिली सुई चालू आहे.