पहिल्या वर्षाचा कॅप्टन

एडमंटन,
डिसेंबरातला रविवार

प्रिय दादा,

माझं पत्र बघून दचकू नकोस, माझं इथं सगळं बरं चाललंय. फोनवर तुझ्या गुडघ्याचा विषय निघाला की तुझ्याकडची रेंज जाते, हे मला आता पाठ झालंय. पत्राची रेंज जात नाही. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण फाडताना चार ओळी तरी नजरेखालून जातीलच. मी पेन घेऊन बसले तेव्हा माझी रूममेट शिवांगी म्हणाली, “तू लेटर लिहितेयस? कागदावर? आर यू ओके?” ती सांगलीची आहे, ख्रिसमसच्या सुट्टीत घरी येतेय. तिच्या बॅगेतल्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांशेजारी या पाकिटाला जागा मिळाली आहे.

ऊर्मीवहिनीनं मला सगळं सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी अक्षरशः हात जोडले, आता खेळलास तर चाळिशीत हातात काठी येईल म्हणून. आणि तू त्याच संध्याकाळी तालमीत जाऊन आपल्या फुटबॉलच्या पोरांना सांगून आलास की यंदाचा हंगाम इंजेक्शन घेऊन खेळणार. पोरांनी तुला खांद्यावर घेतलं म्हणे. घेणारच. पेठेला गोल पाहिजेत, गुडघा तुझा जाणार. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी स्टेडियममध्ये तुझ्या नावाचा गजर ऐकलाय, त्यामुळे तो आवाज सोडून घरी बसणं म्हणजे काय, हे मला कळत नाही असं समजू नकोस. सामना हरलास की तू बाथरूममध्ये नळ मोठा सोडून बसायचास. आई म्हणायची, अंघोळ करतोय. आम्हाला सगळ्यांना ठाऊक असायचं की तू अंघोळ करत नाहीस.

पण आज मला तुला दुसऱ्याच एका माणसाविषयी सांगायचंय. माणसं सात-आठ आहेत खरं तर, पण सुरुवात कुवाबारांपासून करते. कॉलेज सांभाळून मी इथल्या एका आइस रिंकवर पार्टटाइम करते ना, तिथले ते बर्फवाले. मी काउंटरवर स्केट्स भाड्यानं देते, हॉट चॉकलेट आणि फ्राइज विकते. ते बर्फ करतात. इथं हॉकी म्हणजे आपल्याकडचं फुटबॉल समज, आणि बर्फ चांगला नसेल तर लोक चिडतात. दर तासा-दीड तासानं स्केटिंग थांबतं, कुवाबारा ती मोठी झँबोनी गाडी घेऊन उतरतात, खरवडलेला बर्फ उचलून वर गरम पाण्याचा पातळ थर देत गोल गोल फिरतात. मागे काचेसारखी जमीन तयार होत जाते. चाळिशीचे, जपानी, बोलायला कमी. मला वाटायचं, आयुष्यभर हेच केलं असणार.

एकदा लॉबीत मुलं टेनिस बॉल आपटत होती. एक बॉल जोरात भिंतीवरून उडाला आणि कुवाबारांच्या अंगावर गेला. हातात बादली होती, त्यांनी बघितलंसुद्धा नाही, नुसता पाय पुढे केला. बॉल पायाशी पडला आणि तिथंच थांबला. उडाला नाही, घरंगळला नाही. दादा, तुझ्या बहिणीला कोण फसवणार? असा पहिला टच मी फक्त एका माणसाचा पाहिलाय आणि तो आत्ता हे पत्र वाचतोय. मी काउंटरवरूनच विचारलं, तुम्ही कुठल्या क्लबकडून खेळत होता? ते आधी गडबडले, मग कान लाल होईपर्यंत हसले. जपानच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये लेफ्ट बॅक होते, व्यावसायिक, पगारी. तिशीच्या आधीच सगळं संपलं.

कसं संपलं तेही त्यांनी मला हळूहळू सांगितलं. हंगाम संपत आला की क्लबचा माणूस एकेकाला खोलीत बोलावतो. पुढच्या वर्षाचा करार समोर ठेवायचा असतो. नको असलेल्या खेळाडूला सांगतात, तुमच्या पगाराचा आकडा शून्य. शिवी नाही, भांडण नाही, दोघंही वाकून नमस्कार करतात आणि बाहेर पडतात. मग अशा शून्यवाल्यांसाठी एक सामायिक चाचणी असते. वेगवेगळ्या क्लबांतून काढलेली माणसं, छातीवर नुसता नंबर, अनोळखी लोकांबरोबर एक छोटासा सामना खेळायचा, वर स्टँडमध्ये दुसऱ्या क्लबांची माणसं बघत बसलेली. कुवाबारा म्हणाले, त्या दिवशी मी आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ खेळलो. कुणाचाच फोन आला नाही. नंतर लग्न झालं, बायको नर्स, तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली, आणि ज्यानं जन्मात स्केट्स घातले नव्हते तो माणूस बर्फ करायला शिकला. हे सांगताना आवाजात रडगाणं नव्हतं. मला मात्र त्या संध्याकाळी बससाठी उभं राहिल्यावर सारखा तूच दिसत होतास.

आता खरी गोष्ट. गेल्या महिन्यात त्यांच्या जुन्या टीममधले लोक जपानहून आले. यांचा एक रिवाज आहे, त्यांनीच पाडलेला. सगळे निवृत्त झालेले, आणि दरवर्षी कुणातरी एकाच्या कामाच्या जागी जमतात. त्याचं काम बघायला. पूर्वी लोक तिकीट काढून आपल्याला बघायला यायचे, आता आपण एकमेकांना बघू, असा त्यांचा हिशेब. एक वर्ष म्हणे सगळे एकाच्या शेतावर त्याला कांद्याच्या पातीच्या जुड्या बांधताना बघत उभे राहिले. एकाच्या घराण्याचं बौद्ध मंदिर आहे, तर एक वर्ष त्याची पूजा ऐकली. या वर्षी कुवाबारांची पाळी. मॅनेजरनं मला वर पार्टी रूम लावायला सांगितली होती, जिथं एरवी मुलांचे वाढदिवस होतात.

दुपारी पब्लिक स्केटिंग संपलं, लोक बाहेर गेले. ही मंडळी मोठाले जॅकेट घालून स्टँडमध्ये ओळीनं बसली होती. कुवाबारा गाडी घेऊन उतरले. रोजचंच काम, रोजच्यासारखीच गाडी फिरत होती. पण ते लोक असे बघत होते की मी फ्राइजची कढई बंद करून पुढे आले. कुणी बोलत नव्हतं, कुणी फोन काढला नव्हता. कडेचा वळसा आला की सगळे एकदम पुढे झुकायचे. गाडी बाहेर निघाली आणि ते उठून उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. कुवाबारा गाडीतून उतरले, टोपी काढली आणि चारी दिशांना वळून वाकले. रिकाम्या खुर्च्यांनासुद्धा. हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतर खेळाडू असंच करतात, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, तरी माझे डोळे भरले. अकरा वर्षं हा माणूस या रिंकवर बर्फ करतोय आणि आम्ही कुणी एकदाही टाळी वाजवली नव्हती.

पुढे मी मोठी फजिती करून घेतली. वर पार्टी रूममध्ये टेबलाच्या वरच्या टोकाला एक बुटका, पोट सुटलेला माणूस बसला होता. सगळे त्याच्याशी अदबीनं बोलत होते. आपल्याकडची माझी अक्कल, वरच्या खुर्चीत बसला म्हणजे हाच कॅप्टन! मी पहिली प्लेट त्याला दिली, सांगितलं की माझा दादाही आमच्या कोल्हापुरात कॅप्टन आहे, आणि त्याच्याबरोबर हौसेनं फोटोपण काढून घेतला. आणि दाराजवळ एक उंच माणूस सारखा उठून सगळ्यांना चहा ओतत होता, रिकामे कप गोळा करत होता. त्याला मी म्हटलं, प्लीज, कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या आणता का? तो धावत गेला, आणल्या, वर मलाच वाकून नमस्कार केला. कुवाबारा हसून हसून टेबलावर पडायचे राहिले. चहा ओतणारा तो उंच माणूस कॅप्टन होता. शिनोझाकी त्याचं नाव. अडतिसाव्या वर्षापर्यंत खेळला, देशाकडून खेळला, त्याच्या नावाची गाणी स्टेडियममध्ये लोक म्हणायचे.

आणि वरच्या खुर्चीतला तो बुटका? राखीव गोलकीपर. बाविसाव्या वर्षी शून्य मिळालं, एकही सामना न खेळता घरी गेला. आता लिफ्ट दुरुस्त करतो. त्यांच्यात बसायची जागा कोण किती खेळला यावर ठरतच नाही. खेळ सोडून नव्या कामाला कोण आधी लागला, तो मोठा. प्रत्येकजण उठून स्वतःची ओळख करून देतो: नाव, काम आणि कितवं वर्ष. लिफ्ट, सोळावं वर्ष. शेती, बारावं वर्ष. बर्फ, अकरावं वर्ष. शेवटी दाराजवळचा कॅप्टन उठला, हात पँटच्या शिवणीला लावून सरळ उभा राहिला आणि म्हणाला, वृद्धाश्रमात मदतनीस, पहिलं वर्ष, मला सांभाळून घ्या. म्हाताऱ्या माणसांना पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं ते शिकतोय. दोन दिवसांपूर्वी एक आजोबा हातून निसटता निसटता वाचले, हेसुद्धा त्यानं सांगितलं. कुणी हसलं नाही. कुणी ‘अरेरे, एवढा मोठा खेळाडू’ असंही म्हणालं नाही. आणि ऐक, त्याला नव्या नोकरीत रजा मिळेना, तर बाकी सगळ्यांनी आपापल्या रजा बदलून तारीख त्याच्यासाठी पुढे ढकलली होती.

मग कॅप्टननं त्या गोलकीपरला काहीतरी विचारलं. कुवाबारांनी मला हळूच इंग्रजीत सांगितलं. कॅप्टननं विचारलं होतं, शनिवारी दुपारी काय करायचं? सामन्याची वेळ ती. त्या वेळी पाय घरात ठरत नाहीत. गोलकीपर म्हणाला, मी शनिवारची ड्यूटी मागून घेतो, सोळा वर्षं झाली. कॅप्टननं मान खाली घातली. शेजारच्या शेतकऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दादा, मी तिथं ट्रे घेऊन उभी होते आणि मला एवढंच वाटत होतं की तू इथं असायला हवा होतास. मैदानावर मी मोठी माणसं खूप पाहिली, त्यात तू होतास. पण मोठेपण अंगावरून उतरवून दाराशी बसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. नाद खुळा, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

त्या राखीव गोलकीपरकडे बघताना मला आपला रवींद्र आठवला. तुझ्या बॅचच्या मागचा, हंगामभर बाकावर बसून तुम्हाला पाण्याच्या बाटल्या फेकणारा. विशीतच खेळ सोडून शिरोलीला फौंड्रीत लागला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी त्याला लोहार म्हणून चिडवलंत. हल्ली तो तिथं क्वालिटीचा सुपरवायझर आहे, त्याच्या हाताखाली माणसं आहेत. तू रागावशील, पण लिहितेच: त्या टेबलावर तो वर बसला असता आणि तू दाराशी. आणि मला तू तिथं बसलेला आवडला असतास. काठी घेऊन पेठेतून चालणाऱ्या, पोरांनी ‘एकेकाळचा’ म्हणून दाखवलेल्या दादापेक्षा खूप जास्त आवडला असतास.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. पाकीट रवींद्रनं आणून दिलं याचं तुला नवल वाटलं असेल. शिवांगीनं त्याच्याकडेच द्यायचं, हे मीच ठरवलं होतं. मागच्या आठवड्यात त्याचा मला फोन आला. त्याच्या डिपार्टमेंटला एक जागा निघालीये, शिकाऊ म्हणून, त्याच्याच हाताखाली. त्यानं साहेबांपाशी तुझं नाव टाकलंय आणि तेव्हापासून त्याची झोप उडालीये. दोन-तीनदा आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि माघारी गेला. मला म्हणाला, “दादाला मी कसं सांगू गं, माझ्या हाताखाली ये म्हणून? हाकलून दिलं तरी चालतंय मला. पण परत कधी बोललाच न्हाई तर?” मी त्याला म्हटलं, तू काही बोलू नकोस, मी लिहिते, तू फक्त नेऊन दे. आत काय लिहिलंय हे त्याला माहीत नाही. तू पाकीट घेतलं असशील, दार अर्धवट लोटून आत येऊन बसला असशील. तो गेलेला नाही, दादा. तू हे वाचून संपवेपर्यंत थांब, असं मी त्याला सांगून ठेवलंय, आणि तुझा शब्द असल्यासारखा तो माझा शब्द पाळणार. तो बाहेर पायरीपाशी उभा आहे. ऊठ आणि त्याला घरात घे.

तुझीच,
देवयानी