जावयाच्या गळ्याचं माप

७ डिसेंबर
आजपासून राग बंद. एकदम बंद.
पोरगी अपर्णा काल तिच्या आईले, म्हणजे माझ्या कांताले, आपल्या घरी, गुढियारीले घेऊन गेली. म्हणे, बाबा, तुमचे हात शांत होतील तेव्हाच आई परत येईल. काय झालं होतं एवढं? जावई यशदीप जेवताना म्हणाला, पापा, दाल में नमक कम है. माझ्या घरात बसून! मी फक्त पेला ठेवला. जरा जोरात, त्याच्या दिशेनं. मधात त्याची भुवई आली. टाके पडले म्हणून केवढा बोभाटा! पेला चेपला, त्याचं कोणी नाव घेत नाही.

८ डिसेंबर
हातांले काम पाहिजे म्हणून अपर्णानं डबा पाठवला. आत प्लास्टिकचं गोल कडं, त्यावर चौफेर खुंट्या, एक हुक अन् लाल लोकर. याले लूम म्हणतात. फोन करून विचारलं, विणायचं तर सुया काहून नाही दिल्या? म्हणे, सुया? अन् तुमच्या हातात? फोन आपटला. पोट्टी कोणावर गेली, देव जाणे.
ठरलं. यशदीपसाठी मफलर. माझ्या हातानं त्याच्या गळ्यात घालीन, कांता पाहील, त्याच पावली घरी येईल. आठवड्याचं काम.

११ डिसेंबर
मोबाइलवरच्या दीदी हिंदीत शिकवतात. खुंटीले लोकर गुंडाळा, वरून पुन्हा गुंडाळा, खालचा वेढा हुकनं उचलून खुंटीच्या मागं टाका. झाला टाका. दीदी त्याले फंदा म्हणतात. मीही फंदाच म्हणून राहिलो. टाका म्हटलं की ती भुवई आठवते अन् डोकं सणकते.
दीदी म्हणतात, ढीला रखिए. मी ढिला माणूस नाही. जन्मभर रेल्वेच्या वॅगनचे बोल्ट आवळले. खेचून गुंडाळलं तर वेढा निघेना. हुक मारला. खुंटी तुटून गालावर बसली. लूम भिंतीवर आपटला. भिंतीचं प्लास्टर कच्चं निघालं.

१६ डिसेंबर
आज अगदी शांत. दारात बसून विणत होतो. शेजारचा हिरालाल आला, म्हणे, भैया, अब चूड़ी घलो पहिर ले.
बांगड्या! मले!
मी हात उचलला नाही. पाय उचलला. हिरालाल नालीत. त्यानं चप्पल फेकून मारली, माझ्या नाकातून रक्त. मग मी लूम त्याच्या डोक्यात घातला. तो कानापर्यंत गेला अन् खुंट्यांमुळे निघेचना. त्याच्या बायकोनं तेल चोपडून, शिव्या देत देत काढला. माझे सगळे फंदे सुटले, त्याचं दुःख कोणाले नाही. पुन्हा पहिल्यापासून.

२४ डिसेंबर
लूम तडकला होता. पंडरीच्या बाजारातून दुसरा आणला. दुकानदार विचारते, भाभीजी सीख रही हैं? कॉलर धरली, पण लगेच सोडली. बटण तुटलं असेल एखादं. ही प्रगतीच आहे.

९ जानेवारी
मफलर वितभर. लोकर खराब आहे.
कांताले फोन केला. घर खायले उठते, असं सांगणार होतो. तोंडातून निघालं, हिंग कुठं मेला? मग विचारलं, कधी येते? म्हणे, पाहू. पाहू म्हणजे काय? मी ओरडलो नाही, मोठ्यानं बोललो. फोन अपर्णानं घेतला अन् कट झाला. नेटवर्क खराब असावं.
विळीनं कांदा चिरताना रडू आलं. कांद्यानंच.

२ फेब्रुवारी
मफलर झाल्यातच जमा. फक्त लांबी कळत नव्हती, म्हणून स्वतः यशदीपले फोन लावला. मनाचा मोठेपणा लागतो याले. त्याले मराठी समजते, पण बोलते हिंदीत, म्हणून मीही हिंदीत बोललो, अगदी प्रेमानं: बेटा, तुम्हारे लिए फंदा तैयार है. अपने हाथ से बनाया. गले का नाप बता दो, इतवार को आकर डाल दूंगा.
तिकडून फोन कट. भावुक झाला पोट्टा.

३ फेब्रुवारी
सकाळीच दारात पोलिसांचे दोन शिपाई. विचारतात, फंदा कहाँ है? कौतुकानं मफलर दाखवला. एकानं दोन्ही हातांनी ताणून पाहिला. तुटेना. म्हणे, रस्सा ही है. मले आनंद झाला, मजबुती त्यालेही दिसली. मग तो मफलर जप्त करून राहिला! मी खेचला, त्यानं खेचला. त्या झटापटीत हुक त्याच्या तळहातात कसा शिरला, मले खरंच ठाऊक नाही. दोघांनी मिळून मले पालथा पाडला, कंबर अजून ठणकते.
ठाण्यात हिरालाल आला अन् त्यानं साक्ष दिली की साहेब, हा माणूस खरंच विणते, माझ्या टाळूले विचारा. शिपायाची माफी मागून सुटलो. मफलर परत मिळाला.

८ फेब्रुवारी, रविवार
फंदा म्हणजे गळफास नाही, विणकामातला वेढा, हे अपर्णानं सगळ्यांले समजावलं. खूप हसले म्हणे. मले बोलावलं!
गुढियारीले गेलो. यशदीपनं मान पुढं केली, मी मफलर घातला. म्हणे, पापा, चुभ रहा है. मी काहीच फेकलं नाही! सगळ्यांनी पाहिलं. कांताही हसली. उठली, आतून तिची पिशवी भरून आणली अन् माझ्याजवळ येऊन उभी राहिली. चला म्हणे. मले इतका आनंद झाला की काय सांगू.
पिशवी जड होती. तिच्या खांद्यावरून काढून घ्यायले मी हात उचलला.
कांता खालीच बसली. दोन्ही हात डोक्यावर, डोळे गच्च मिटलेले. पिशवी पडली, लुगडी बाहेर आली. अपर्णानं लुगडी गोळा केली, आईले उठवलं अन् आत घेऊन गेली. दार लावलं.
एकटाच घरी आलो. कांता काहून बसली, अजून कळलं नाही. यशदीप भ्यायला असता तर समजलो असतो, तो नवा आहे. तिले तर माझ्या हाताची सवय आहे.