ठरावात नळी नाही

६ ऑक्टोबर
ग्रामसभा झाली. कोरम कसाबसा. मागच्या दिवाळीत रॉकेट पडून निंबाजीभाऊंची सोयाबीनची सुडी जळाली होती. कापून रचलेलं सगळं पीक, अर्ध्या तासात राख. म्हणून यंदा ठराव: गावात आणि सुड्यांच्या आसपास फटाके बंद, सापडले तर ग्रा.पं. जप्त करणार. सूचक निंबाजीभाऊच. विरोध कोणाचाही नाही. तीन वर्षं इथे ग्रामसेविका आहे, असं पहिल्यांदाच पाहिलं.
शेवटी आमचे शिपाई दामूकाका दारातूनच म्हणाले, "अन् नळीचं काय? तिचा आवाज तं बॉम्बाचा बाप हाय." नळी म्हणजे शेतातली डुकरं हाकलायचा तो प्लास्टिकचा पाइप. आत गॅस, मागे लायटर. सगळे ओरडले, "तेबी बंद! तेबी बंद!" सरपंच शोभाताईंनी मान डोलावली. चहा पाणचट.

७ ऑक्टो.
प्रोसिडिंग बुकात ठराव लिहून काढला. अक्षर मोत्यासारखं आलं, स्वतःच दोनदा वाचलं. 'रॉकेट, सुतळी बॉम्ब, लडी व इतर फटाके वाजविण्यास मनाई…' आणि नळीपाशी अडले. सरकारी कागदात 'नळी'? वरचे साहेब विचारतील, मॅडम, नळयोजनेची का? 'पाइप' लिहावं तर तोही पाणीपुरवठ्याचाच वाटतो. एकटीच हसले. शेवटी गाळलं. इतर फटाक्यांत येतंच की ते. पूर्णविराम दिला, अर्धी ओळ रिकामी राहिली. शोभाताईंनी न वाचता सही ठोकली. एक प्रत फलकावर लावली.

१८ ऑक्टो.
दामूकाका भोंग्यावर. मी लिहून दिलेला कागद खिशात, तोंडाला येईल ते चालू. "फटाके फोडसान तं जप्त होतीन, मंग माह्या नावानं बोंबलू नका!" मार्चमध्ये रिटायर होतील. भोंग्यावर असं कोण बोलणार मग? दुकानातून फटाक्यांची दोन खोकी आणून कपाटात ठेवली आणि किल्ली माझ्या टेबलावर आपटली, जणू दरोडेखोर पकडलाय.

२१ ऑक्टो. लक्ष्मीपूजन
चिखलीत, भाड्याच्या खोलीवर. करंज्या तळताना साडेसहाला दामूकाकांचा फोन. "म्याडम, इष्णूजवळ नळी सापडली. सुडीपासून धा पावलावर वाजवून राह्यला. म्या घेतली हिसकून. पण थो म्हणते, हे फटाका नाही, शेतीचं सामान हाय, ठरावात नळी कुठी हाय ते दाखव." मागून विष्णूचा आवाज. तिशीतला माणूस, स्वतःचा ट्रॅक्टर आहे. फलकावरच्या ठरावाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवलाय म्हणे.
मी म्हटलं, काका, ठरावात नळी नाही. परत द्या, सणासुदीला वाद नको.
"पण सभेत तं झालतं ना?"
कागदावर नाही, काका.
"बरं म्याडम. भरेल हाय का रिकामी, पाह्यतो अन् देतो."
करंज्या जरा लाल झाल्या.

२२ ऑक्टो. पाडवा
सकाळी शोभाताईंचा फोन.
दामूकाकांनी नळी परत देण्याआधी आत डोकावून पाहिलं. उडाली. तोंडावरच. रात्रीच गाडीनं संभाजीनगरला नेलं, डोळ्यांच्या दवाखान्यात. उजवा डोळा.
केव्हा झालं, विचारलं. म्हणाल्या, साडेसहाच्या सुमारास, फोन ठेवला अन् लगेच.
फोन ठेवला अन् लगेच.
फोनमध्ये तो कॉल पुन्हा पुन्हा काढून पाहते आहे. एक मिनिट चाळीस सेकंद. डबाभर करंज्या खाली घरमालकिणीला देऊन टाकल्या. तिनं विचारलं, बरं नाही का? काय सांगू? मी एका माणसाला…

२४ ऑक्टो.
संभाजीनगर. डॉक्टर म्हणाले, उजव्याची आशा धरू नका, डावा वाचला. काकू बाकावर बसलेल्या. माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.
काका पट्टीखालून, "सणाच्या दिवसांत कायले आल्या म्याडम एवढ्या दूर?" मग आवाज बारीक करून, "पोलिसाले सांगतलं, म्या आपल्याच मनानं पाह्यलं. तुमचं नाव नाही घेतलं."
जिन्यात बसून रडले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ ऑक्टो.
पंचायत समितीचं पत्र. शिपाई कर्तव्यावर होता काय? जप्ती कोणत्या ठरावानुसार? प्रत जोडावी. ठरावात नळी असेल तर काका कामावर जखमी झाले, मदत मिळेल. नसेल तर ते दोघांचं खासगी भांडण.
शोभाताई बुकावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे पाहा, अर्धी ओळ खाली हाय. 'व नळी' लिहून टाका. सभेत झालंच होतं, मंग खोटं काय त्याच्यात?"
खोटं काहीच नाही. हेच तर. पण विष्णूकडे फोटो आहे. आणि बुकात मागाहून एक टिंबही घालायचं नाही, असं मीच गावभर सांगत हिंडते. मीच गाळलं असं लेखी दिलं, तर काकांचं काम होईल बहुतेक, आणि माझी चौकशी लागेल. नोकरीवर घर चालतं माझं. भीती वाटते, खोटं कशाला लिहू?

३० ऑक्टो.
काका घरी आले. मी भेटायला गेले, पिशवीत बुक होतं. का नेलं, माहीत नाही.
"आणलं तं वाचा बरं तो ठराव. म्या नुसता बोंबललो भोंग्यावर, वाचला कुठी!"
वाचला. पूर्णविरामापाशी थांबले.
"अन् नळी?"
नाही काका. सभेत झाली होती. मी लिहिली नाही.
काकू चूल फुंकायच्या थांबल्या. काकांनी एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे म्या बराबर ऐकलं होतं. आठ दिवस झाले, मले वाटून राह्यलं, म्हातारपणी आपलेच कान गेले."
मला वाटलं होतं, विचारतील, काऊन नाही लिहिली? नाही विचारलं. काकूंना म्हणाले, म्याडमले चहा ठेव.

उद्या पाचपर्यंत उत्तर पाठवायचंय. बुक उघडं आहे, अर्धी ओळ तशीच. मीच गाळलं हे लेखी द्यायला शेजारी कोरा कागद घेतलाय. त्यावर 'प्रति' एवढंच लिहून झालंय.