सानगडीच्या घराचा भोंगा

बाबा, आज अठरा नोव्हेंबर, दुपारचे अडीच वाजले आहेत आणि मी वरठीच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून अलार्मची पेटी साफ करतो आहे. तुम्ही असताना आपल्या घरात असली वस्तू नव्हती, म्हणून आधी ती सांगतो. जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी आहे. घराच्या दोन्ही दारांना चुंबकाच्या पट्ट्या लावायच्या. दार उघडलं की पट्ट्या एकमेकींपासून दूर होतात, भोंगा वाजतो आणि पेटीतलं सिमकार्ड भरून ठेवलेल्या नंबरांना एकेक करून फोन लावतं. ही पेटी वर्षभर सानगडीच्या घरी होती. मागच्या आठवड्यात आईनं ती माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "आता हे वापस नको आणू बाबू." रविवारी मी घरी जाणार आहे. पेटी न्यायची की नाही एवढंच ठरवायचं आहे. आई तिथं एकटी राहते, वरठीला ये म्हटलं तर येत नाही. पेटी नसली की मला झोप लागत नाही आणि असली की तिला त्या घरात राहवत नाही.

मी ती उगाच घेतली नव्हती. गेल्या वर्षी कापणीच्या दिवसांत मागच्या गल्लीतल्या एका घरी भरदुपारी चोरी झाली. सोनं गेलं, नवी साडी गेली आणि भरलेला गॅस सिलिंडरसुद्धा गेला. सिलिंडर खांद्यावर घेऊन माणूस गल्लीतून चालत गेला आणि कोणी पाहिला नाही, याचं मला फार वाटलं. तुमच्या वेळी असं झालं नसतं. तेव्हा सगळी गल्ली एकाच वेळी धान कापायला जायची, म्हणून राखणीची पाळी असायची. रोज एक घर मागे थांबायचं, सगळ्या घरांच्या चाब्या त्या घरी यायच्या. आता हार्वेस्टर येतो. आज याच्या बांधीतलं धान कापतो, परवा त्याच्या. सगळे एकदम जात नाहीत, म्हणून पाळी कधी बंद पडली ते कोणाला सांगताही येत नाही.

आपल्या पाळीचा एक दिवस मला आठवतो. तुम्ही ओसरीवर बसला आहात, गल्लीच्या चाब्या दुपट्ट्याच्या टोकाला बांधलेल्या. मी त्या दिवशी शाळेत गेलेलो नाही. तुम्ही तंबाखू आणायला उठता आणि मला बसवून जाता. रस्त्यानं अनोळखी माणूस सायकल ढकलत येतो. मी आत पळतो, दाराला कडी लावतो आणि चुलीजवळ जाऊन बसतो. तुम्ही येता, कडी वाजवता आणि मी दार उघडल्यावर म्हणता, "कडी लावून कायची राखण करून राहिला बे? कुलूप तं ते लोक बी लावूनच गेले." मग तुम्ही दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसता आणि त्या सायकलवाल्याला पाणी विचारता. तो भांडी विकणारा निघतो. आई त्याच्याकडून गाळणी घेते.

पेटी मी भंडाऱ्याहून घेतली. बॅटरी किती तास चालते, लाइट गेली तर काय, सिमला रेंज नसली तर काय, मांजर आलं तर वाजेल का, असं सगळं विचारलं. दुकानदार वैतागला. "किती विचारता भाऊ, पोरगी पाहाले आलात काय?" म्हणाला. मग म्हणाला की चोर आवाजाला भितो, अर्धं काम भोंगाच करतो. हे खरं असावं. मी तो स्वतः बसवला, आईला बटण शिकवलं. बाहेर जाताना दाबायचं, आल्यावर दाबायचं. पहिल्यांदा वाजवून दाखवला तेव्हा ती कानावर हात ठेवून अंगणात गेली. "एवढा बोंबलते तं चोर कायले पळते, मीच पळून जाईन," म्हणाली.

शेजारच्या काकी तुम्हाला माहीतच आहेत. त्या पुढच्या दारानं कधी येत नाहीत. मागच्या दारानं येतात, हाक न मारता, हातात काहीतरी झाकून. पेटी बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन अशाच आल्या. आईनं घरात असूनही बटण दाबून ठेवलं होतं, कारण एकटी असताना घरातही दाबून ठेव असं मी बजावलं होतं. भोंगा वाजला आणि बरणी फुटली. दोघी हसल्या म्हणे. पण तेव्हापासून काकी कुंपणापाशी उभ्या राहून विचारायच्या, "तुह्या पोराचं कुत्रं बांधलं हाये काय?"

आता या महिन्याचं सांगतो. आई बांधीत गेली होती, अंगणात धान वाळत होतं. नेहमीप्रमाणे मागच्या दाराची चाबी काकींकडे. बटण दाबलं आहे हे आई सांगायला विसरली. दुपारी आभाळ आलं. काकींनी ताडपत्री काढायला दार उघडलं आणि भोंगा सुरू झाला. पेटीनं मला फोन लावला. आमच्या कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. मी उचलला नाही, म्हणून पेटीनं दुसरा नंबर लावला. दुसरा नंबर तुमचा होता.

तो आता तुमसरच्या एका राइस मिलमधल्या हमालाकडे आहे. त्याला मी पेटीत भरून ठेवलेला, माझ्याच आवाजातला निरोप ऐकू आला: सानगडीला तलावाकडच्या गल्लीत, निळ्या फाटकाचं घर, दार उघडलं आहे, लगेच जाऊन पाहा, आणि पुढे माझा नंबर. दुसऱ्या कोणी फोन ठेवून दिला असता. या माणसाची साळी, बायकोची धाकटी बहीण, सानगडीत दिलेली आहे. त्यानं तिला फोन केला. ती बांधीतून निघाली ती हातातल्या विळ्यासकट.

पुढचं आईनं सांगितलं. फाटकातून अनोळखी बाई विळा घेऊन आत आली, आणि समोर काकी ताडपत्री ओढत बाहेर येत होत्या.

"कोण वो तू?" काकी म्हणाल्या.

"मी कोण? तू कोण? लोकायच्या घरातून ताडपत्री काहाडून राहिली!"

"मले जनम गेला या घरात येता-जाता. इळा खाली ठेव आंधी."

"आंधी तू ताडपत्री ठेव."

भोंगा चालूच होता. माणसं जमली. कोणीतरी गमतीनं ओरडलं, "काकी सापडली वो, चोरी करताना!" सगळे हसले. काकी हसल्या नाहीत. त्यांनी धान झाकलं, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि उघड्या दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. विळेवाल्या बाईला चूक कळली, पण तीही गेली नाही. आई येईपर्यंत दोघी तिथंच बसल्या. आई आल्यावर काकींनी तिच्या हातात चाबी ठेवली. "हे घे तुही चाबी. आता तुह्या घरी राखण्या हाये," म्हणाल्या. त्यानंतर त्या कुंपणापाशीही आलेल्या नाहीत. आईला रात्री-बेरात्री ताप आला, ती मोरीत घसरली, तर ते कळणारं एकच घर होतं.

म्हणून मी विचार करत बसलो आहे. पेटी वाईट नाही. दार उघडलं हे तिनं दोन्ही वेळा बरोबर सांगितलं. उघडणारा कोण हे तिला सांगता येत नाही, आणि मी मात्र त्याच भरवशावर निश्चिंत होतो. भोंगा ऐकून पळणारा चोर आपल्या गल्लीत वर्षभरात आला नाही. आला असता तर पळाला असता का, हेही मला माहीत नाही. मी असं ठरवतो आहे की भोंगा काढून टाकायचा. पेटीनं नुसता फोन लावावा, आणि पहिला नंबर काकींचा असावा. पण आधी बरणी घेऊन त्यांच्याकडे मागच्या दारानं जायचं आणि विचारायचं. त्या नको म्हणाल्या तर पेटी खोक्यातच राहील आणि मी दर रविवारी जाईन. पेटी आणि पट्ट्यांचे चार हजार दोनशे गेले, भोंग्याचे साडेसहाशे, सिमचा रिचार्ज वेगळा. देणं म्हणाल तर बरणीचं. बरणी आज सकाळी आणली, झाकणाची. ती रिकामी द्यायची की भरून, हे आईला विचारायचं राहिलं आहे.

तुमसरच्या त्या माणसाशी मी त्याच दिवशी, मोबाइल परत मिळाल्यावर, कारखान्याच्या गेटवरून बोललो होतो. आभार मानले. तो म्हणाला, "होते असं, भाऊ. या नंबरवर पहिले बी लय फोन येत होते. कोणी धानाचं विचारे, कोणी म्हणे बाबाजी हायेत काय. कोणी म्हातारा माणूस असंन." मी म्हटलं, असेल. मग त्यानं विचारलं की त्याचा नंबर आमच्या पेटीत कसा आला. मी त्याला आणि आईलाही हेच सांगितलं की पाठ होता, बोटांच्या सवयीनं चुकून पडला.

हा कागद मी कुठं पाठवणार नाही, म्हणून इथं लिहितो. चुकून पडला नव्हता. मी एकेक आकडा सावकाश दाबला, पुन्हा वाचून पाहिला आणि मग ठेवला. आता पेटी समोर आहे, बाकीचे नंबर मी पुसले आहेत. तो अजून पुसलेला नाही.