कादंबरीतला संत्र्याचा केक

ताई,

"अगं बाई, साल किसताना पांढरं येऊ देऊ नकोस, कडू होईल!" आई मोठ्यानं कादंबरी वाचायची आणि मध्येच थांबून त्यातल्या नायिकेलाच दटावायची, आठवतं? तोच केक ओव्हनमध्ये आहे. तू येशीलच आता, म्हणून चालू ठेवलाय. कादंबरीत मापच नाही, आधीचा पार दगड झाला. हा वरून तांबूस झाला की सुरी खुपसून बघ आणि गरम गरम हॉस्पिटलात घेऊन ये. नर्सचा फोन आला, मी पळतेय. आईनं पाणीसुद्धा सोडलंय गं. तुमचा अबोला आहे, ठाऊक आहे मला. बोलू नकोस हवं तर, नुसता डबा ठेव. पण ये.

केक आईनं मागितला, असं सकाळी तुला म्हणाले ना, ते खोटं होतं. ती सारखी तुलाच हाका मारतेय.

धाकटी