एकाच पट्ट्यावरची दोन पानं

८ जुलै, सोम.
दुकान सोडून पळावंसं वाटलं, रोजच्यासारखं. गावाकडं मेंढरामागं जीव रमला न्हाय, हितं एमआयडीसीत लोकांचे ऑनलाइन फारम भरून बी न्हाय. शाळा आठवीपर्यंत. आज एक पान अडकलं तर मी सगळाच ब्राउझर बंद करायला निघालो. मालक अण्णा वरडले, "थांब की! शिफ्ट आन एस्केप दाब." ब्राउझरच्या चालू कामांची यादी आली. ब्राउझर एकटा राबत न्हाय, कामं वाटून देतो म्हणं. पानाची प्रोसेस, म्हंजे चालू काम, येगळी, चित्र काढायची येगळी, नेटवरनं आणायची येगळी. अण्णांच्या आजोबाच्या कारखान्यात एका पट्ट्यावर सगळे माग चालायचे. पट्टा तुटला की सगळे गप. "आता मागागणिक मोटर. अडकलेलं तेवढंच मार." लई भारी वाटलं.

१० बुध.
बहिणीचा, सुमीचा फोन. तिला नर्सिंगला जायचंय. आमचे वडील, आबा, म्हणाले, शुक्रवारपर्यंत फारम गेला तर शीक, न्हायतर मेंढरं घेऊन माझ्यासंगं चल. मी म्हणलो, दोन मिनटाचं काम हाय गं.

१२ शुक्र.
फारम भरला. ओटीपी आबांच्या फोनवर, आन आबा माळावर, रेंज न्हाय. पान उघडं ठेवून बसलो. बसवंना. कॉलेजांची यादी बघायला फारमातनंच दुसरं पान उघडलं. ते अडकलं. शिफ्ट एस्केप. एका ओळीत दोन नावं होती. दिसली मला. तरी 'बंद करा' दाबलं.
दोन्ही पानं गेली.
अण्णा म्हणाले, "एकाच साइटची, एकातनं दुसरं उघडलेलं. असली कधीकधी एकाच पट्ट्यावर असत्यात." हे सोमवारी सांगायचं की.
मग आबांचा फोन. टेकडीवर चढून, धापा टाकत. "लिही. सात. दोन. नऊ..." सहाच्या सहा आकडे. मी व्हय व्हय म्हणत राहिलो. लिहायला जागाच न्हवती.
नव्या ओटीपीसाठी परत भरेपर्यंत आबा खाली उतरलेले. फोन लागंना. सहाला साइट बंद.

१३ शनि.
सुमी : "गेला न्हवं, दादा?"
म्हणलो, आवाज तुटतोय. रेंज फुल होती.
साइटवर लिवलंय, मुदतवाढीचं सोमवारी कळवू.

१५ सोम.
फारमाचं पान एकटंच उघडलंय. यादीत त्याच्या ओळीत एकच नाव, तीनदा बघितलं. सगळं परत भरलं. आबांना म्हणलो, आज टेकडीवरच बसा.
"शुक्रवारी सांगितलेल्या आकड्यांचं काय झालं?"
सांगितलं. माझ्या हातनं गेलं म्हणून.
आबा म्हणाले, "मेंढरं बी वरच आणतो."
चार वाजले. मुदतवाढीचं अजून कळवलं न्हाय, पाठवायचं बटण राखाडीच.